आकडा विचारण्याआधी फ्रेम उघडा

चवथीच्या आधीचा महिना आमच्या धंद्याचा. घराला रंग लागतो, तसबिरी खाली उतरतात आणि काच बदलायला म्हापशात आमच्या दुकानात येतात. बाबांनी १९६८ साली सुरू केलेलं हे दुकान. भाऊ लिस्बनला गेला आणि ते माझ्याकडे आलं. काच बदलताना प्रत्येक हंगामात दहा-बारा जण तरी विचारतात, "बाय, जुनं आहे गो हे. विकलं तर किती येतील?"

भिंतीवर टांगलेल्या चित्राची किंमत मी सांगत नाही, ते उघडून बघावं लागतं. घरी करणार असाल तर टेबलावर जाड चादर पसरा आणि तसबीर पालथी घाला. मागचे खिळे पकडीने एकेक काढा. पाठीवरचा कागद, चिकटवलेली चिठ्ठी, कुणी पेन्सिलीने लिहिलेलं नाव, फ्रेम करणाऱ्याचा शिक्का, यातलं काहीही फेकायचं नाही. मोबाईलवर आधी फोटो काढा. चित्र कुणाच्या घरातून कुणाकडे गेलं याचा बऱ्याचदा तेवढाच पुरावा असतो. आणि कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. गोव्याच्या पावसाळ्यात हे फार होतं. ओढलात तर देवीचा चेहरा काचेवर राहतो आणि कागद तुमच्या हातात. ते काम संवर्धकाचं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

आता समास. मार्जिन म्हणा हवं तर. हे सांगताना मला आजही लाज वाटते. १९८६ साली मी एकोणीस वर्षांची होते. एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरची लक्ष्मीची तसबीर आली होती, फ्रेम तयार होती आणि चित्र खाली दीड इंच जास्त. मी पट्टी लावली, ब्लेड फिरवलं. कापून पडलेल्या पट्टीवर इंग्रजीत छापलेलं होतं: रवि वर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. बाबा काही बोलले नाहीत, गिऱ्हाईक खूश होतं. मी काय कापलं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं.

रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ, कार्ल्याशेजारच्या मळवलीला हलला, आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाने तो विकत घेतला. रवि वर्मा १९०६ साली गेले, पण त्यांच्या नावाने चित्रं छापली जातच राहिली. म्हणजे तीच लक्ष्मी अनेक वर्षांत अनेकदा निघाली. मुंबईचा पत्ता असेल तर प्रत सुरुवातीची, कार्ला-लोणावळा असेल तर नंतरची. हा फरक सांगणारी ओळ चित्राखालच्या त्या दीड इंचात असते. गोव्यातल्या जुन्या घरांत निम्म्या तसबिरींची ती ओळ कापलेली आहे. कापणारे आम्हीच, फ्रेमवाले.

ओळ नसली तर भिंग घ्या, सोनारांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं. चेहऱ्याच्या गालावर धरा. खरा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी जुनी छापील तसबीर, दगडावरून छापलेला असतो, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगाखाली वाळूसारखे वेडेवाकडे कण दिसतात, रंगावर रंग चढलेला दिसतो, वर वार्निशची चमक असते. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांसारखे मांडलेले दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुनी' केलेली प्रत ओळखायला भिंगही लागत नाही. तिचा पिवळेपणा पुढून-मागून सारखाच असतो. खरा म्हातारा कागद जिथे उजेड लागला तिथे एक रंगाचा, फ्रेमच्या खाचेत दुसऱ्या. प्लायवूड टेकलं असेल तर त्याच्या रेषासुद्धा कागदावर उठतात.

आणखी एक स्वस्त उपाय म्हणजे नोटा तपासायची अतिनील टॉर्च. अंधारात कागदावर मारा. पांढरटनिळा लखलखला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० नंतर आलं.

मडगावच्या दीनानाथ दलालांची चित्रंही पुष्कळ येतात. बहुतेक दिवाळी अंकाची मुखपृष्ठं, प्रेमाने कापून मढवलेली. भिंगाखाली ठिपके दिसतात. मोठा पैसा नाही त्यात, पण मी ती फार जपून मढवते. त्यांनी हाताने रंगवलेलं मूळ चित्र सापडलं तर गोष्ट निराळी.

युरोपातले जुने छाप कमी येतात, पण येतात. त्यांत पोर्तुगीज काळातल्या घरांच्या साळीत, म्हणजे दिवाणखान्यात, टांगलेला गोव्याचा नकाशा हमखास असतो. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ पासून पाचेक वर्षं इथे आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या प्रवासवर्णनात, अॅमस्टरडॅम १५९६, गोव्याचा मोठा नकाशा आणि बाजाराचं चित्र आहे. ते सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. ओला कागद पत्र्यासह दाबाखालून जातो, म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन उमटतो. डोळे मिटून बोट फिरवा, लागतो. मग कागद खिडकीशी धरा. जुन्या कागदात जाळीच्या तारांच्या रेषा दिसतात, आडव्या एकमेकींना लागून आणि उभ्या दूरदूर. रेषा नसलेला सपाट कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात निघाला. सपाट कागदावर १५९६ छापलेलं दिसलं तर तो नंतरचा छाप आहे, विकणारा काहीही म्हणो.

पण जुना कागद, खरा छाप आणि नामांकित हात, एवढ्याने किंमत ठरत नाही. हे मला गेंड्याने शिकवलं. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला. तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपला पाठवला, वाटेत जहाज बुडालं, बिचारा मेला. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर याने तो कधीच पाहिला नाही. कुणाच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने लाकडी ठसा करवला, साधारण ए-फोर कागदाएवढा. पाठीवर एक जास्तीचं शिंग, अंगावर चिलखतासारखे पत्रे. तोच ठसा ड्युरर गेल्यावरही जवळजवळ शंभर वर्षं वापरात राहिला. पहिल्या आवृत्तीत वर जर्मन मजकुराच्या पाच ओळी आहेत. पुढे लाकूड तडकलं आणि ती चीर गेंड्याच्या पायांतून गेलेली छापात दिसते. सगळ्या प्रती त्याच लाकडाच्या आणि जुन्याच, पण धारदार रेघेची लवकरची प्रत २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ८ लाख ६६ हजार डॉलरला गेली. चीर पडलेल्याला तेवढे कोण देणार? म्हणून रेघा बघा. कडक, काळ्याभोर, तुटक नसलेल्या हव्यात. डच चित्रकार रेम्ब्रांटचे तांब्याचे पत्रे तर त्याच्यानंतर शतकानुशतकं छापत राहिले. नाव रेम्ब्रांटचं, पण छाप झिजलेला.

हाताने रंगवलेल्या तैलचित्राबाबत मी फार बोलत नाही, ते माझं क्षेत्र नव्हे. दोन गोष्टी मात्र बघते. सही रंगाच्या भेगांवरून, भेगांच्या आतही उतरून गेली असेल तर ती नंतर केलेली. आणि अतिनील उजेडात जुनं वार्निश हिरवट दिसतं, वर कुणी केलेली डागडुजी काळी. गोव्यात प्रत्येक अंधाऱ्या व्यक्तिचित्राला 'त्रिंदादचं असेल' म्हणायची खोड आहे. म्हणजे सांग्याचे चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद, १८७० ते १९३५. पणजीत फोंतेन्यातल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांची खरी चित्रं आहेत. आधी ती जाऊन बघा, मग आपल्या भिंतीकडे.

आकड्याचं म्हणाल तर दुकानात लावलेल्या किमती बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं बघा. रवि वर्म्यांचं हातचं 'यशोदा-कृष्ण' २०२३ मध्ये ३८ कोटींना गेलं, तेव्हा आठवडाभर माझा फोन थांबला नाही. प्रत्येकाकडे छापील प्रत, आणि छापील प्रतीचा व्यवहार हजारांत होतो. डाग, कसरीने खाल्लेले कोपरे, वाळवीची भोकं, कापलेला समास, प्रत्येकाला तो आकडा खाली येतो. घरी डाग पुसायला जाऊ नका. ब्रेडने, लिंबाने, टूथपेस्टने घासलेलं मी सगळं पाहिलं आहे.

कळंगुटला उतरलेले परदेशी पाहुणे गुंडाळी करून न्यायला विचारतात. शंभर वर्षांवरची कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. रवि वर्म्यांचं काम कलानिधी म्हणून घोषित असल्याने त्यावर वेगळीही बंदी आहे. मी सरळ 'नाही' सांगते.

हल्ली चित्र मोठं आणि फ्रेम लहान निघाली तर मी फ्रेम नवी करते. जुन्या फ्रेमचं लाकूड हवं असेल तर त्याचे तुकडे जोडून देते, मजुरी घेत नाही. चित्राला मात्र ब्लेड लावत नाही.