केमो सुरू असलेलं लेकरू घरी असताना

माझ्या धाकट्याला रक्ताचा कर्करोग आहे, केमो सुरू आहे. अशा घरात थर्मामीटर कायम हाताशी हवा. ताप १००.४ फॅरेनहाइट झाला की मध्यरात्र असो की घरात लग्न, लगेच डॉक्टरांना फोन करून निघायचं. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. फाइल आणि कपड्यांची पिशवी दाराशी भरलेलीच ठेवा.

नागपुरात खरा प्रश्न कूलरचा. मे महिन्यात ४५ अंशांत तो बंद कसा ठेवणार? पण ओल्या गवतात बुरशी धरते आणि ती या लेकरांच्या फुफ्फुसांना घातक ठरू शकते. आम्ही त्याच्या खोलीतला कूलर काढून एसी लावला. खर्च मोठा आहे, मला मान्य आहे. परवडत नसेल तर काय करायचं ते डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला, संकोच करू नका.

खाणं घरचं, ताजं, गरम. तर्री-पोहे मागितले तर घरीच करा. संत्रं आधी धुवा, मग सोला.

भेटायला येणाऱ्यांना सासूबाई दारातच विचारतात, "सर्दी हाय का जी? मंग फोनवरच बोला." कुणी रुसलं तरी चालेल.

थोरलीच्या वर्गात कांजिण्या निघाल्या आणि धाकट्याचा संपर्क आला असेल, तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि थोरलीला रोज थोडा वेळ फक्त तिचा द्या. त्या वेळात आजाराचा विषय तिनं काढला तरच बोला.