खान्देशच्या उन्हात शर्यतीचं टायमिंग: सेन्सरच्या आधी घड्याळ सांभाळा

डर्ट ट्रॅक, ऑटोक्रॉस किंवा रॅली स्प्रिंट अशा गाड्यांच्या शर्यतींच्या टायमिंगला पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला जो तो सेन्सरबद्दलच सांगतो, म्हणजे गाडी रेषा ओलांडताच सिग्नल देणाऱ्या यंत्राबद्दल. कुठला घ्यायचा, किती उंचीवर लावायचा, केवढ्याला मिळतो. सेन्सर नीट लागलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे एप्रिल-मेमध्ये निकालाचं खरं नुकसान करतं ते घड्याळ. सेन्सर बिघडला तर लगेच कळतं, वेळ येतच नाही. घड्याळ चुकलं तर वेळ येते, ती पटण्यासारखीही असते, आणि चुकीच्या माणसाच्या हातात कप जातो.

म्हणून आधी हेच सविस्तर. वाचताना लांबण वाटली तरी सोडू नका.

स्टार्ट एका टोकाला, फिनिश दुसऱ्या टोकाला आणि मधे अर्धा किलोमीटर शिवार असलं की आपण टायमिंगच्या यंत्राचे दोन डबे करतो. प्रत्येकात स्वतःचं घड्याळ. गाडी सुटली ती वेळ एका डब्यात, पोचली ती दुसऱ्यात, आणि वजाबाकी लॅपटॉपवर. सकाळी साडेसातला दोन्ही घड्याळं जुळवली की माणूस निश्चिंत होतो. चूक इथे सुरू होते.

स्वस्त घड्याळ-मॉड्यूलमध्ये ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं करणारा स्फटिक; त्यावरच घड्याळ चालतं. तो २५ अंश सेल्सियसच्या आसपास बरोबर चालतो. तापमान त्याच्या वर गेलं तरी तो मागे पडतो आणि खाली गेलं तरी मागेच पडतो. किती मागे, ते तापमानातल्या फरकाच्या वर्गावर ठरतं: फरकाचा वर्ग गुणिले साधारण ०.०३४, इतके दशलक्षांश, म्हणजे दहा लाख सेकंदांत तितके सेकंद. आता आपल्याकडचं गणित करा. स्टार्टचा डबा मंडपात आहे, आत ४० अंश. फरक १५, वर्ग २२५, म्हणजे सुमारे ७.७ दशलक्षांश, तासाला ०.०३ सेकंदही नाही. फिनिशचा डबा काळ्या प्लास्टिकचा, उघड्यावर, आत ६० अंश. फरक ३५, वर्ग १२२५, म्हणजे सुमारे ४२ दशलक्षांश, तासाला ०.१५ सेकंद. दोन डब्यांत तासाला जवळपास ०.१२ सेकंदाची तफावत पडली. ऊन चढल्यापासून चार तासांत अर्धा सेकंद.

हा अर्धा सेकंद सगळ्यांना सारखा लागला असता तर एवढं बिघडलं नसतं. पण फिनिशचं घड्याळ मागे पडत जातं, म्हणून वजाबाकी लहान येते आणि उशिरा धावणारा प्रत्येक जण आहे त्यापेक्षा वेगवान दिसतो. सकाळी दहाला पळालेल्याचं नुकसान, दुपारी दोनला पळालेल्याचा फायदा. दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्याच वेळा सुधारल्या की आयोजक म्हणतात, टँकरच्या पाण्याने माती बसली, ट्रॅक फास्ट झाला. तसं खरोखर होतंही, म्हणून तर ही चूक झाकून राहते. नवख्याला संशय घ्यायला जागाच उरत नाही.

घरी तपासताना हे दिसत नाही याचं कारणही समजून घ्या. टेबलावर दोन्ही डबे शेजारी असतात, एकाच पंख्याखाली, एकाच तापमानाला. दोन्ही सारखेच मागे पडतात आणि वजाबाकीत चूक निघून जाते. रात्रभर चालवून फरक शून्य आला म्हणून समाधान मानू नका. एक डबा घरात आणि दुसरा गच्चीवर उन्हात ठेवून चार तास चालवा. मग आकडा बघा.

उपाय तीन आहेत आणि माझ्या मते त्यांचा क्रमही हाच.

पहिला, दोन घड्याळं ठेवूच नका. ट्रॅक आखतानाच आयोजकांना भेटा आणि स्टार्ट-फिनिश शेजारी, तीस-चाळीस मीटरच्या आत आणायला लावा. दोन्ही सेन्सरच्या वायरी एकाच डब्यात आल्या की चार तासांत साठणारा फरक उरतच नाही. एका मिनिटाच्या धावेत ४२ दशलक्षांश म्हणजे ०.००३ सेकंदसुद्धा होत नाहीत. वायर ट्रॅकखालून नेताना पीव्हीसी पाइपातून न्या. जळगावात पाइपाला काही तोटा नाही. पाइप वीतभर खोल पुरा, नाहीतर दुसऱ्याच फेरीत टायर तो उपटतात. वायर पिळाची आणि शील्ड (वरून धातूचं वेष्टण) असलेली घ्या, शील्ड एकाच टोकाला जोडा. लाइनवर ५ ऐवजी १२ व्होल्ट चालवा आणि डब्यात शिरताना पीसी ८१७ ऑप्टोकपलर टाका; ही चिप सिग्नल प्रकाशाने पुढे पोचवते, वायर थेट डब्याला जोडली जात नाही. मोटरसायकलच्या स्पार्कमुळे लांब वायरीत खोटे सिग्नल उठतात. १० किलोओहमचा पुल-अप (लाइनचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) अशा वायरीला पुरत नाही, २.२ किलोओहमपर्यंत खाली या.

दुसरा, अंतर खरंच मोठं असेल तर दोन्हीकडे जीपीएस मॉड्यूल लावून त्याची दर सेकंदाची पल्स (विजेचा ठोका) घ्या. मग क्रिस्टल कितीही भरकटला तरी दर सेकंदाला तो जागेवर येतो. इथेही एक खोच आहे. जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, २०१७ पासून. मॉड्यूल ही वजाबाकी स्वतः करतं, पण नुकतं चालू केलेलं मॉड्यूल उपग्रहाकडून हा आकडा मिळेपर्यंत आपल्या जुन्या आठवणीतला आकडा वापरतं. उपग्रहाचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढ्यात एक डबा एक-दोन सेकंदांनी उडी मारू शकतो. दोन्ही डबे उघड्या आकाशाखाली वीस मिनिटं चालू ठेवा, मगच ताडून बघा.

तिसरा, डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप. तापमान बघून ती स्वतःला सुधारते. ‘एसएन’ अक्षरांची चिप ४० अंशांपर्यंत २ दशलक्षांशात आणि त्यावर ३.५ मध्ये राहते, म्हणजे उन्हातही तासाला ०.०१३ सेकंदाच्या आत. ‘एम’ अक्षराची ५ दशलक्षांशांची असते; तीही चालेल, पण माहीत असू द्या. या चिपमधून थेट वाचलं तर फक्त पूर्ण सेकंद मिळतो. सेकंदाचा भाग हवा तर तिची १ हर्ट्झची पल्स डब्यातल्या बोर्डाच्या इंटरप्टला (सिग्नल येताच दखल घेणाऱ्या पिनला) जोडा आणि दर पल्सला मोजणी नव्याने सुरू करा. ही चिप बसवलेल्या बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते आणि दुकानदार त्यात चार्ज न होणारी सीआर २०३२ घालून देतो. उन्हात ती फुगते. डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका.

कुठलाही उपाय करा, ताडून बघणं चुकवू नका. दोन्ही डबे शेजारी आणा, दोघांच्या इनपुटला एकच बटण जोडा, पाच वेळा दाबा आणि फरक वहीत लिहा. सुरुवातीला, प्रत्येक फेरीनंतर आणि शेवटी. फरक ०.०१ सेकंदाच्या आत असेल तर काही करू नका. जास्त असेल तर वाटणी करा: दहाला फरक शून्य, अकराला फिनिशचा डबा ०.१० मागे, तर साडेदहाच्या गाडीच्या फिनिशमध्ये ०.०५ मिळवायचे. ऊन चढेल तसा फरक वाढत्या गतीने पडतो, म्हणून सकाळ आणि संध्याकाळ असे दोनच आकडे घेऊन मधली सगळी वाटणी सरळ रेषेत करू नका. ही दुरुस्ती होऊ शकते हे ड्रायव्हर्सच्या ब्रीफिंगमध्येच सांगा. निकालानंतर सांगितलं की भांडण होतं. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) परवान्याखालची स्पर्धा असेल तर आधी तिचे पुरवणी नियम वाचा. वेळ कशी घ्यायची ते त्यात असतं आणि तुमची सोय त्यापुढे चालत नाही.

डब्याला सावली द्या. जळगावची प्लास्टिकची चटई यासाठी उत्तम: दोन थर, मधे चार बोटं हवा, डब्यापासून वीतभर वर. डबा पांढरा घ्या. तापला की एलसीडीचे आकडे काळे पडतात आणि लोक डबा बिघडला म्हणून रीसेट दाबतात. रीसेटच्या बटणावर टेप लावा.

आता सेन्सर. आपोआप उघडणाऱ्या गेटच्या मोटरीसोबत येणारा सेन्सर स्वस्त पडतो, पण त्याच्या आत रिले (विजेने चालणारा यांत्रिक स्विच) असतो. तो बंद व्हायला दहा-वीस मिलिसेकंद घेतो आणि दरवेळी सारखे घेत नाही. कारखान्यात लागणारा, १० ते ३० व्होल्टवर चालणारा, ट्रान्झिस्टर आउटपुटचा आणि समोरासमोर लागणारा सेन्सर घ्या: एका बाजूने किरण (बीम) निघतो, समोरचा रिसीव्हर तो पकडतो, गाडीने तो तोडला की सिग्नल. आउटपुट एनपीएन की पीएनपी (दोघांची जोडणी उलट असते) ते पाहून घ्या, कारण सगळ्यात जास्त सेन्सर इथेच ‘बिघडतात’. दुपारनंतर स्पर्धा चालणार असेल तर रिसीव्हर पश्चिमेच्या बाजूला, पूर्वेकडे तोंड करून लावा, म्हणजे मावळतीचं ऊन त्याच्या पाठीवर पडेल. उंची गाडीला बंपरच्या रेषेत. मोटरसायकलला पुढचं चाक, स्पोक, इंजिन, मागचं चाक असे चार-पाच सिग्नल येतात. पहिला धरा आणि पुढचा एक सेकंद इनपुट बंद ठेवा. सगळे एकत्र सुटणाऱ्या मोटोक्रॉसला मात्र बीम लावू नका. तिथे ट्रान्सपाँडरच (प्रत्येक गाडीवर बसवलेला, तिची ओळख सांगणारा डबीवजा ट्रान्समीटर) हवा.

खांब काळ्या मातीत ठोकला की उन्हाळ्यात भेगेत हलतो आणि टँकरने पाणी मारलं की कलतो. दहा मीटर रुंद ट्रॅकवर बीम एका टोकाला दहा सेंटीमीटर पुढे सरकला, तर ताशी ६० किलोमीटरच्या गाडीला कडेवरून कडेला ०.००६ सेकंदाचा फरक पडतो. सळई दीड फूट खोल ठोका, पायाशी वाळूची गोणी ठेवा आणि दर फेरीनंतर दोरी लावून बघा. काच कोरड्या फडक्याने पुसू नका, धुळीने ओरखडे पडतात. आधी ब्रशने झाडा, मग ओलं फडकं.

वीज जनरेटरवर सोडू नका. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी एका डब्याला दिवसभर आरामात पुरते. मोबाइलची पॉवर बँक टाळा. डबा इतका कमी करंट ओढतो की तिला काहीच जोडलेलं नाही असं वाटतं आणि ती अर्ध्या मिनिटात बंद होते.

सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक चुका साध्या आहेत, घाबरून जाऊ नका. लॅपटॉपची झोप बंद करा, अपडेट थांबवा आणि त्याच्या घड्याळाचं इंटरनेटशी आपोआप जुळणं बंद करा. नाहीतर कोणी हॉटस्पॉट दिला की भर फेरीत घड्याळ सरकतं. यूएसबीचं पोर्ट बदललं की कॉम नंबर (लॅपटॉप ज्या क्रमांकाने डबा ओळखतो तो) बदलतो, म्हणून पोर्टवर रंगीत टेप लावा. डब्यात आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड असेल तर त्याचं मायक्रोसेकंदांचं मोजमाप ७१ मिनिटांनी शून्यावर येतं. त्याला दिवसाचं घड्याळ समजू नका. शिवाय आर्डुइनोच्या ऊनो बोर्डावरचा रेझोनेटर (क्रिस्टलच्या जागी असलेला स्वस्त भाग) अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे मिनिटाच्या धावेत ०.३ सेकंद. एक्सेलमध्ये वेळ सेकंदांत साधी संख्या म्हणून ठेवा, ६२.३४५ अशी. १:०२.३४५ हे मजकूर म्हणून शिरलं की क्रम लावताना १० हे ९ च्या आधी जातं.

एक चूक मात्र मोठी. ट्रॅकवर एकाच वेळी दोन गाड्या असतील तर सॉफ्टवेअर रांग धरतं: आधी सुटलेली आधी पोचेल. मधे एक बंद पडली आणि तिचं नाव रांगेतून काढलं नाही, तर मागच्या गाडीची फिनिश तिच्या नावावर लागते आणि तिथून पुढचे सगळे निकाल एक-एक घर सरकतात. फिनिशला एक माणूस फक्त नंबर ओरडायला ठेवा आणि दुसरा फक्त लिहायला. हे काम मोबाइलवर रील बघणाऱ्या पुतण्याला देऊ नका.

मोबाइलच्या जीपीएस अॅपवर स्पर्धा घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते आणि फोन साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. सरावाला ठीक, कपासाठी अजिबात नाही. शिकायचंच असेल तर शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, घड्याळ लावणाऱ्या आबा-नानांकडे जाऊन बसा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून ही मंडळी पुन्हा मैदानात आहेत. जोडी एकटी पळते, निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो, भोवती गर्दी असते. वायर कुठे पुरायची, गर्दी बीमपासून लांब कशी ठेवायची हे त्यांच्याइतकं कुठलाही व्हिडिओ शिकवत नाही.

स्टॉपवॉचवाले दोघे ठेवाच, कितीही चांगली यंत्रणा असली तरी. प्रत्येक गाडीची हातानेही वेळ घ्या. बीम एखाद्या गाडीला चुकला तर हातची वेळ जशीच्या तशी लावू नका. त्याच माणसाच्या आधीच्या दहा गाड्यांची हातची आणि यंत्राची वेळ यांतला सरासरी फरक काढा आणि तेवढी दुरुस्ती करा. स्की शर्यतींत याच धर्तीची रीत आहे. दुसरी धाव देणं सोपं वाटतं, पण थंड झालेलं इंजिन आणि बदललेली माती घेऊन पळणाऱ्यावर तो अन्याय होतो.

निकाल लावताना वर ‘तात्पुरता’ लिहा, किती वाजता लावला ते लिहा आणि तक्रारीची मुदत लिहा. डब्यातली कच्ची नोंद, ताडून बघितलेल्या फरकांची वही आणि हातच्या वेळांचा कागद एकाच फाइलमध्ये टेबलावर ठेवा. कोणी दादा आवाज चढवून आला तर वाद न घालता त्याच्या गाडीची ओळ काढून दाखवा: सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, लावलेली दुरुस्ती. त्याने फोटो मागितला तर काढू द्या. मुदत संपेपर्यंत डब्यांची बॅटरी काढू नका आणि शेवटचा ताळा घेतल्याशिवाय फिनिशचा खांब उपटू देऊ नका, मंडपवाला कितीही घाई करो.