जुना फिश टँक गळत होता, असा नीट केला

ओळखीतल्या एकाने माळ्यावर पडलेला 2 फुटी टँक देऊन टाकला, काचेवर क्षाराचा पांढरा थर इतका की पलीकडचं दिसेना. साबण अजिबात लावला नाही, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टिश्यू भिजवून रात्रभर चिकटवून ठेवले आणि सकाळी जुन्या ब्लेडने खरवडलं तर पापुद्रे सुटून आले.

मग पाणी भरलं तर मागच्या कोपऱ्यातून टिप टिप! आधी मी शहाणपणा करून गळतंय तिथेच थोडं सिलिकॉन फासलं, पण जुन्या सिलिकॉनवर नवीन धरतच नाही, दोन दिवसात परत तेच. शेवटी आतल्या चारी कोपऱ्यांचं आणि तळाचं सिलिकॉन कापून काढलं (दोन काचांच्या मधलं मात्र सोडून द्यायचं, ते काढलं तर टँकच हातात येईल), स्पिरिटने पुसलं, मास्किंग टेप लावून बुरशीनाशक नसलेलं 100 टक्के सिलिकॉन भरलं, ओल्या बोटाने एकदाच ओढलं आणि टेप लगेच काढली. घरभर व्हिनेगरसारखा वास.

72 तास हात लावला नाही. मग खाली पेपर पसरून टँक काठोकाठ भरला, दोन दिवसांनी पेपर कोरडा! आता फिल्टर चालू आहे, मासे मात्र पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य आल्यावरच.