कॅलरी मोजायच्या की पॉइंट्स? निवडताना आणि मोजताना या चुका टाळा

माझ्या मोठ्या जाऊबाई न्यू जर्सीत असतात. तिथल्या एका पॉइंट्सच्या कार्यक्रमाची वर्गणी त्या नेमाने भरतात. त्यात प्रत्येक पदार्थाला ठरावीक पॉइंट्स असतात आणि दिवसाच्या पॉइंट्सच्या मर्यादेत खायचं असतं. मी सांगलीत, फोनवरच्या ॲपमध्ये कॅलरी टिपते. दोघींनी एकाच जानेवारीत सुरुवात केली, मार्चपर्यंत दोघींचं वजन छान उतरलं आणि मग दोघींचाही काटा हलेना. त्या म्हणाल्या, "मी आता तुझ्यासारख्या कॅलरीच मोजते." मी नेमकी त्याच आठवड्यात पॉइंट्सची माहिती काढत होते.

पद्धत बदलण्याआधी एका रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला, आपापल्या ओट्यावर भरली वांगी केली आणि कढईत जाणारी प्रत्येक गोष्ट आधी तोलली. माझ्याकडे निघालं ते असं: अर्धा किलो वांगी, ८० ग्रॅम दाण्याचं कूट, ३० ग्रॅम सुकं खोबरं, एक कांदा, गुळाचा खडा आणि चार पोह्यांचे चमचे तेल. सगळ्याची बेरीज जवळजवळ १,४०० कॅलरी. चौघांत वाटली तर माणशी साडेतीनशे. अख्ख्या कढईतल्या वांग्यांच्या कॅलरी जेमतेम सव्वाशे होत्या, तेल आणि कूट मिळून साडेनऊशेच्या आसपास. माझ्या ॲपमध्ये "भरली वांगी, एक वाटी" समोर १२० लिहिलं होतं. जाऊबाई गेले तीन महिने वांगं शून्य पॉइंट आणि तेल एक चमचा अशी नोंद करत होत्या. दोघींची चूक एकच होती आणि पद्धत बदलून ती सुटली नसती.

दोन्हीकडे हिशेब एकच आहे

सर्वांत आधी हा गैरसमज जायला हवा. प्रथिनं आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, चरबीच्या ग्रॅमला ९, हे आकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांतून आले. १९१८ च्या सुमारास लूलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजण्याची सवय तिथल्या घराघरांत नेली. पॉइंट्स बरेच नंतरचे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच या गृहिणीने मैत्रिणींना घरी जमवून वजनाविषयी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली आणि त्यातून १९६३ साली वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेत त्यांचे पॉइंट्स १९९७ मध्ये आले. ते पहिलं सूत्र सोपं होतं: कॅलरी भागिले ५०, अधिक चरबीचे ग्रॅम भागिले १२, वजा तंतूंचे (फायबरचे) ग्रॅम भागिले ५, आणि तंतू जास्तीत जास्त ४ ग्रॅमच धरायचे. माझ्या वाट्याच्या भरल्या वांग्यांना त्या हिशेबाने आठ-साडेआठ पॉइंट्स पडतात. म्हणजे पॉइंट्सच्या पोटात कॅलरीच आहेत. चरबी जास्त असेल तर पॉइंट्स वाढतात, तंतू जास्त असतील तर कमी होतात, इतकाच फरक.

पुढे हे सूत्र अनेकदा बदललं. २०१० मध्ये प्रथिनं, कर्बोदकं, चरबी आणि तंतू यांवरून पॉइंट्स काढायला लागले, २०१५ मध्ये साखर आणि संपृक्त चरबीला (सॅच्युरेटेड फॅटला) जास्त भार दिला, २०१७ मध्ये शून्य पॉइंट्सची यादी दोनशेहून जास्त पदार्थांवर गेली. इथेच एक मोठी चूक घडते. मैत्रिणीकडून आलेला जुना तक्ता आणि नव्या ॲपने दिलेलं रोजचं बजेट, म्हणजे दिवसाला किती पॉइंट्स खायचे ती मर्यादा, असं दोन्ही मिसळून बरेच जण चालतात. रुपयांत पगार आणि डॉलरमध्ये बिल असं घर चालवण्याचा हा प्रकार आहे. पॉइंट्स घ्यायचे असतील तर तक्ता आणि बजेट एकाच आवृत्तीचं हवं.

तेल, कूट, खोबरं: न टिपलेले तिघे

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्या स्वयंपाकात ती रोज होते. आपण फोडणी डोळ्यांनी करतो. घराघरात तेलाच्या भांड्यात पळी असते, आणि "एक पळी तेल" म्हणजे किती हे फारसं कोणी मोजलेलं नसतं. पळीभर पाणी मोजून बघा. माझी पळी ३० मिलि निघाली, म्हणजे सहा चहाचे चमचे. मी ती तीन महिने "एक चमचा" म्हणून टिपत होते. एका चहाच्या चमच्यात साधारण ४० कॅलरी, तर माझ्या पळीत जवळजवळ अडीचशे.

प्रत्येक फोडणी तोलायचा कंटाळा येत असेल तर महिन्याचा हिशेब करा, तो फसवत नाही. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल जातं, म्हणजे सुमारे ३४५ कॅलरी, आणि तूप-लोणी वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत २,००० कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चौघांना ते महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास पडतं. वजन उतरवायचं असेल तर त्याहून थोडं खालीच राहायला हवं. आमच्या घरात डबा उघडला की त्यावर तारीख लिहितो. संपायची तारीख बघितली की कोणाच्याही ॲपपेक्षा जास्त कळतं.

पातेल्यातली भाजी आपल्या ताटात किती आली, हेही लोकांना अवघड वाटतं. उपाय सोपा आहे. रिकाम्या भांड्यांची वजनं एकदाच घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवा. माझ्या कागदावर लोखंडी कढई १,६५० ग्रॅम, कुकरचा डबा २४० ग्रॅम अशी यादी आहे. भाजी झाली की कढईसकट तोलायची, कढईचं वजन वजा करायचं, आपल्या ताटातली वाटी तोलायची आणि एकूण कॅलरींत तेवढा वाटा धरायचा. पहिल्या आठवड्यात वेळ लागतो. नंतर घरातल्या दहा-बारा नेहमीच्या भाज्यांचे आकडे तोंडपाठ होतात.

हे न टिपणं म्हणजे लबाडी नाही, आणि स्वतःला दोष देऊ नका. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. "१,२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांचं खाणं आणि त्यांची ऊर्जा नीट मोजली गेली. त्यांच्या शरीराची ऊर्जा खर्च करण्याची क्षमता ठीक होती. खाल्लेलं ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

पोळी, भात आणि ॲपमधले आकडे

ॲपमध्ये "चपाती" शोधली की ७० पासून १५० पर्यंत आकडे सापडतात आणि माणूस सोयीचा निवडतो. त्यापेक्षा कणीक मळण्याआधी पीठ तोला. ३५० ग्रॅम पिठाच्या दहा पोळ्या झाल्या तर एका पोळीत ३५ ग्रॅम पीठ, सुमारे ११५ कॅलरी. घडीच्या पोळीत आतलं तेल वेगळं धरा.

कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत त्याहून महाग पडते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३०. तांदूळ ७५ ग्रॅम तोलून तुम्ही "शिजलेला भात" अशी नोंद केलीत तर २६० च्या जागी ९८ लिहिलं जातं. डाळींचंही तसंच. कच्चं तोललं तर नोंदही कच्च्याचीच.

चहाकडे लक्ष द्या. म्हशीचं ६० मिलि दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या कपात शंभरेक कॅलरी असतात. दिवसाला चार कप म्हणजे एक जेवण झालं. आणि उपासाच्या दिवशी वही बंद ठेवू नका. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चहाचे चमचे तूप आणि अर्धा बटाटा घातलेली एका माणसाची खिचडी साडेचारशेच्या पुढे जाते.

शून्य पॉइंट म्हणजे पोटभर नव्हे

पॉइंट्सवाल्यांची ही खास चूक. वेट वॉचर्सच्या २०१७ च्या यादीत फळं, बहुतेक भाज्या, अंडी, बिनकातडीचं चिकन ब्रेस्ट, मासे, डाळी आणि कडधान्यं शून्यात होती. त्यामागचा विचार चांगला आहे: हे पदार्थ पोट भरतात, त्यांचा अतिरेक सहसा होत नाही आणि मोजण्याचा ताप वाचतो. पण ती सूट उकडलेल्या डाळीला आहे. आमटीतल्या फोडणीला आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणाला ती नाही. आंबा फळ म्हणून शून्य असेल, पण साखर घालून, वर तूप सोडून वाटीमागून वाटी घेतलेला आमरस त्यात बसत नाही. जाऊबाईंच्या घरी मे महिन्यात डब्यातला गोड आमरस येतो. तो त्या आता पूर्ण मोजतात.

मग निवडायचं काय?

२००५ मध्ये अमेरिकेत १६० जणांना चार गटांत वाटून वर्षभर पाहिलं गेलं. ॲटकिन्स, झोन, ऑर्निश आणि वेट वॉचर्स, या चारही आहारांत वर्षाअखेरची सरासरी घट दोन ते साडेतीन किलोंच्या घरात होती. फरक पडला तो टिकून राहण्याने. जो आपल्या आहाराला जितका चिकटून राहिला, तितकं त्याचं वजन उतरलं, आहार कोणता का असेना. म्हणून कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद मी बाजूला ठेवते आणि लोकांना त्यांच्या दिवसाविषयी विचारते.

महाराष्ट्रात राहून घरचं जेवत असाल तर माझं मत कॅलरीच्या बाजूने आहे. थालीपीठ, पिठलं, शेवभाजी या पदार्थांचे पॉइंट्स कोणी काढून ठेवलेले नसतात, तुम्हाला घटक मोजावेच लागतात. घटक मोजलेच तर कॅलरी हाताशी असतातच, वर्गणी कशाला? पाकिटांवरही कॅलरी छापलेल्या असतात. फक्त "एका सर्व्हिंगला" की "१०० ग्रॅमला" हे वाचा. फरसाणाची सर्व्हिंग ३० ग्रॅमची असते आणि वाटी भरून घेतलं की ते दुप्पट-तिप्पट होतं.

परदेशात असाल, तयार पदार्थ आणि बाहेरचं खाणं जास्त असेल, तर पॉइंट्स सोयीचे पडतात. तिथल्या दुकानांतल्या वस्तू ॲपमध्ये आधीच भरलेल्या असतात. शिवाय दर आठवड्याची बैठक ही पॉइंट्सच्या कार्यक्रमाची माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाला दर आठवड्याला कोणीतरी "या आठवड्यात कसं गेलं?" विचारतं, त्याची किंमत आकड्यांत होत नाही. पैसे भरायचेच असतील तर बैठकीसाठी भरा.

आकड्यांनी जीव घाबरा होत असेल, एखादा घास टिपायचा राहिला तर रात्री झोप लागत नसेल, तर दोन्ही पद्धती थांबवा. पूर्वी खाण्याशी संबंधित आजार झाला असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, वाढत्या वयाचं मूल असेल, तर मोजणी नकोच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

काटा अडला तर

एका दिवसाच्या वजनावर निर्णय घेऊ नका. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा पाळीच्या आधी शरीरात पाणी साठतं आणि एक-दीड किलो सहज वर दिसतं. रोज सकाळी तोला, आठवड्याची सरासरी काढा आणि चार आठवड्यांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून बघा.

त्या खरंच हलल्या नसतील तर आधी तेलाचा डबा बघा, मग पोळीचं पीठ, मग चहा, मग शनिवार-रविवार. बजेट आणखी कमी करणं सगळ्यात शेवटी. घाबरून १,२०० च्या खाली जाणारे लोक पंधरा दिवसांत सगळं सोडतात, हे मी जवळून पाहिलं आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी केल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं आणि वजन घटेल तसा वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला कमी लागतं. दर चार-पाच किलोंनंतर बजेट नव्याने काढा. पॉइंट्सचं ॲप नवं वजन भरल्यावर ते स्वतः काढतं, कॅलरीवाल्यांना आठवण ठेवावी लागते.

मनगटावरच्या घड्याळाने "३०० कॅलरी जळल्या" म्हटलं म्हणून तेवढं जास्त खाऊ नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात घड्याळं तपासली, त्यातलं सर्वांत अचूकही कॅलरींच्या बाबतीत सरासरी २७ टक्के चुकत होतं. चालायला जरूर जा, पण ते बजेटमध्ये धरू नका.

हे सगळं तपासूनही काटा जागचा हलत नसेल तर डॉक्टरांना भेटा, थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि चालू असलेली औषधं दाखवा. काही औषधांनी वजन वाढतं. जाऊबाईंच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. त्या अजून पॉइंट्सवरच आहेत आणि मी कॅलरीवर. त्यांनी तेलाच्या भांड्यातली पळी काढून तिथे चहाचा चमचा ठेवला, मीही ठेवला, आणि मे महिन्यात दोघींचे काटे पुन्हा खाली यायला लागले.