मंगळावरच्या कंपनीचं खोटं मस्टर: कथा लिहायला घेताना

काळप्रवासी मंगळावरच्या वसाहतीत जातात आणि कंपनीने लिहून ठेवलेला खोटा इतिहास उघडा पाडतात, अशी कथा डोक्यात असेल तर यंत्राचं वर्णन नंतर करा. आधी एवढं ठरवा की कंपनीने नेमकी कोणती नोंद बदलली. एकच नोंद निवडा, ती कोणत्या वहीत होती, कोणत्या पाळीची होती, कोणाच्या नावापुढे होती इथपर्यंत. 'सगळा इतिहास खोटा' म्हटलं की वाचकाच्या हाती काही लागत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी 22 वर्षं मस्टर लिहिलं. एका रात्रपाळीला एक बदली कामगार मशीनवर दगावला. आठवड्याभरात त्या महिन्याचं नवं मस्टर माझ्या टेबलावर आलं आणि त्यात त्या रात्री त्याचा खाडा लागला होता. अक्षर माझ्यासारखं वळवलेलं होतं, पण महिनाभराच्या हजेऱ्या एका पेनाने, एका बैठकीत भरलेल्या. खऱ्या मस्टरमध्ये मधेच शाई बदलते. मी रजेवर गेले की चार दिवस दुसऱ्याचं अक्षर येतं. खाडाखोड असते आणि तिच्याशेजारी बारीक सही असते, कुठे चहाच्या कपाचं वर्तुळ असतं. या मस्टरवर एक डाग नव्हता. जुनं कुठे गेलं ते मला कोणी सांगितलं नाही. मात्र गेटवरच्या वॉचमनच्या वहीत तो आत आल्याची वेळ त्या कामगाराच्याच अक्षरात होती. ती वही बदलायची कोणाला सुचलीच नाही. भरपाईच्या दाव्यात मी हे उभं राहून सांगितलं.

तेव्हा तुमच्या कथेतही दोन वह्या ठेवा. एक कंपनीने बदललेली, दुसरी विसरलेली.

खोटं करणारा माणूसही नीट उभा करा. 1757 साली प्लासीच्या आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हने नवाबाविरुद्धच्या कटात सामील असलेल्या अमीचंद या व्यापाऱ्याला फसवायला दोन करारनामे केले. पांढऱ्या कागदावरचा खरा, लाल कागदावरचा खोटा. ॲडमिरल वॉटसनने लाल कागदावर सही करायचं नाकारलं, तेव्हा त्याची सही दुसऱ्याच्या हातून करवली. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे क्लाइव्हने हे लपवलं नाही, उलट पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन असं सांगितलं. आपण योग्यच केलं असं मनापासून वाटणारा असा अधिकारी कथेत आणा. दात-ओठ खाणारा खलनायक नको.

आता पुरावा. मंगळ इथे तुम्हाला भरपूर देतो. तिथला दिवस, म्हणजे सोल, 24 तास 39 मिनिटं 35 सेकंदांचा. तीन पाळ्या लावल्या तर प्रत्येक पाळी साधारण 8 तास 13 मिनिटांची येते. पृथ्वीवर बसून खोटं मस्टर बनवणारा कारकून सवयीने आठ-आठ तास भरणार. निरोपाचंही तसंच. मंगळापर्यंत संदेश एका बाजूने जायला अंतराप्रमाणे 3 ते 22 मिनिटं लागतात. मुख्य कचेरीला विचारून दोन मिनिटांत परवानगी मिळाल्याची नोंद असेल तर ती मागाहून लिहिलेली आहे.

माझा सगळ्यात आवडता धागा सूर्याचा. साधारण 26 महिन्यांतून एकदा पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्य येतो. त्या सुमारास दोनेक आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात, कारण सूर्याजवळून जाताना संदेश बिघडतो. समजा, बोगदा खचला त्या दिवशी 'काम थांबवा' असा हुकूम पृथ्वीवरून आला होता आणि कामगारांनी तो मोडला, असं कंपनी म्हणते. तारीख नेमकी त्या दोन आठवड्यांतली निघू द्या. हे वाचकाला दुसऱ्या पानावरच सहज सांगून ठेवा, म्हणजे शेवटी त्याला स्वतःला सापडेल.

मग काळप्रवाशांचं काम काय? त्यांनी मागे जाऊन डोळ्यांनी पाहिलं, तरी कोर्टात त्यांचं कोण ऐकणार? त्यांना तिथून काही आणता येणार नाही, असा नियम घाला आणि शेवटपर्यंत पाळा. दुसरी वही कोणी लिहिली आणि कुठे ठेवली, एवढंच बघून त्यांनी परत यायचं आणि आपल्या काळात ती शोधून काढायची.

आता अवघड जागा. कंपनीने ज्याचा खाडा लावला, त्याला तुमच्या प्रवाशाने दारातच अडवलं तर तो वाचतो. पण मग तो खरोखरच गैरहजर ठरतो, कंपनीची नोंद खरी होते, आणि त्याच्या जागी बदलीवर दुसरा कोणीतरी आत जातो. हा पेच टाळू नका. प्रवाशाला त्या एअरलॉकपाशी, म्हणजे आत-बाहेर जायच्या हवाबंद दारापाशी, पुरेसा वेळ उभं करा. येणाऱ्याच्या हातातला डबा दिसू दे, त्याने नाव विचारलं तर प्रवाशाला सांगावं लागू दे.

मी हा प्रसंग तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा त्याला अडवलं. चौथ्यांदा तो आत गेला. जाण्याआधी दाराशी लटकवलेल्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने वेळ लिहिली.