लाइफबोट आणि आगीच्या कवायतीत या चुका टाळा

10 फेब्रुवारी 2013 रोजी कॅनरी बेटांवरील सांता क्रूझ दे ला पाल्मा बंदरात ‘थॉमसन मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजावर कवायत चालू असताना लाइफबोटीची वायर तुटली, बोट उलटी होऊन पाण्यात आपटली आणि आतल्या आठ कर्मचाऱ्यांपैकी पाच जण दगावले. बोट जागेवर असताना वायर डेव्हिटच्या (बोट टांगून खाली-वर करणाऱ्या सांगाड्याच्या) सर्वांत वरच्या पुलीवरून जिथे वळते, तिथेच ती गंजून तुटली होती. अशा ठिकाणी हात पोहोचत नाही, म्हणून खालून दिसेल तेवढ्याच वायरला ग्रीस फासून वहीत ‘तपासले’ असे लिहून टाकले जाते. वरचा थर चकचकीत असला तरी आतल्या तारा कोरड्या असू शकतात. बोट थोडी खाली सोडून, तो भाग पुलीवरून मोकळा करून, जुने ग्रीस पुसूनच वायर पाहावी लागते. पाच वर्षांनी वायर बदलण्याचा नियम ही कमाल मुदत आहे, तोवर ती टिकेल याची हमी नव्हे.

दुसरी चूक बोट माणसांनी भरण्याची. तीन महिन्यांतून एकदा लाइफबोट पाण्यात उतरवून चालवावी लागते हे खरे, पण आधी ती रिकामी उतरवून पुन्हा वर घ्यावी आणि नंतर चालवण्यापुरतीच माणसे आत बसवावीत. कवायत ‘खरी’ वाटावी म्हणून गर्दी करणे हा माझ्या मते निव्वळ हट्ट आहे.

वर घेताना घाई नडते. बोट वायरला धरून ठेवणारे दोन्ही हुक नीट बसल्याचे त्यांची स्थिती दाखवणाऱ्या दर्शकावर पाहावे, बोट पाण्यापासून जेमतेम उचलून थांबावे, पुन्हा पाहावे आणि मगच पुढे खेचावे. डेव्हिट जागेवर टेकण्यापूर्वी मोटर बंद करणारा लिमिट स्विच आधीच हाताने दाबून तपासलेला असावा. तो चालला नाही तर मोटरचा सगळा जोर वायरवर येतो.

आगीच्या कवायतीत नळीचे तोंड कोणी घट्ट धरण्याआधीच पाणी सोडले जाते आणि पितळी नोझल कोणाच्या तरी नडगीवर बसते. वॉटरटाइट (पाणी अडवणारा, यंत्राने सरकणारा) दरवाजा बंद होत असताना अंग चोरून निसटणे तर जिवावरच बेतते. दोन्ही बाजूंचे हँडल ‘उघडे’ स्थितीत धरूनच पलीकडे जावे. धुरात शिरताना लावायच्या श्वसनयंत्राचा सिलिंडर कवायतीनंतर अर्धवट रिकामाच खुंटीवर टांगला जातो, आणि पुढच्या वेळी आत शिरल्यावर काही मिनिटांतच हवा संपत आल्याची शिट्टी वाजते.