मुलांना गोल्फ शिकवायचंय? सुरुवात होलपासून करा

नव्या देशात येऊन सहा-आठ महिने झाले की घराचं, शाळेचं बस्तान बसतं आणि मग मुलांच्या शनिवार-रविवारचं काय करायचं हा प्रश्न पडतो. कोणीतरी गोल्फचं नाव काढतं आणि आपल्यातले निम्मे पालक तिथेच मागे सरतात. श्रीमंतांचा खेळ, आपल्याला कुठे परवडणार! मीही अशीच मागे सरले होते आणि त्यात लेकीची दोन वर्षं वाया गेली.

क्लबचं सभासदत्व घ्यावंच लागतं हा समज आधी काढून टाका. सगळ्यांना खुले असलेले गोल्फ कोर्स, म्हणजे गोल्फची मैदानं, बऱ्याच देशांत आहेत. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, बादलीभर चेंडूंचे पैसे भरले की झालं. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: लहान मुलांना कोणत्या वेळी खेळू देतात, मुलांचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात) भाड्याने मिळतात का आणि कपड्यांचा काही नियम आहे का. उच्चारांचा संकोच वाटतो म्हणून हा फोन टाळू नका. तो टाळून आम्ही गेलो आणि लेकीचा बिनकॉलरचा शर्ट पाहून आम्हाला दारातूनच परत पाठवलं.

त्याहून मोठी चूक पुढची. लेक सात वर्षांची होती. आम्ही तिला थेट कोर्सवर नेलं, मोठ्या माणसांच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं केलं आणि हातात दिला तो बाबाचा कापून आखूड केलेला क्लब. चौथ्या होलपर्यंत (टीपासून खड्ड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यालाही होलच म्हणतात) तिने कसंबसं रेटलं, मग गवतात बसून रडायला लागली. दोष तिचा नव्हताच. क्लब कापला तरी त्याचं डोकं तेवढंच जड राहतं आणि दांडा उलट जास्त ताठ होतो. मग मूल क्लब फिरवत नाही, क्लबच मुलाला फिरवतो. म्हणून उंचीच्या मापाचे, मुलांसाठी बनवलेले हलके क्लब घ्या आणि ते वापरलेलेच घ्या, कारण मूल भराभर वाढतं. नियमाप्रमाणे पिशवीत १४ क्लब ठेवता येतात, पण मुलाला तीन पुरतात: चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायला पटर, मधल्या अंतरासाठी सात नंबरचं आयर्न आणि जवळून उंच उडवायला एक वेज.

पुढचे काही महिने लेक गोल्फचं नाव काढेना. नंतर एका अनुभवी प्रशिक्षकांनी आम्हाला उलट्या बाजूने सुरुवात करायला लावली. ते तिला पटिंग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, घेऊन गेले आणि चेंडू होलपासून जेमतेम वीतभर लांब ठेवला. होल १०८ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे वीतभरावरून चुकणं अवघडच. चेंडू गडगडत गेला आणि आत पडताना कपाचा तो पोकळ ‘टक्’ आवाज आला. लेकीने वाकून आत पाहिलं, चेंडू काढला आणि कोणी न सांगता एक पाऊल मागे जाऊन पुन्हा ठेवला. त्या दिवशी ती पाऊल-पाऊल मागे सरकत राहिली. पुढच्या आठवड्यांत ग्रीनच्या कडेवरून चिपिंग, म्हणजे होलकडे छोटे फटके, मग पन्नास पावलांवरून. लांब मारायचा क्लब, ड्रायव्हर, हातात आला तो वर्षभराने. मुलाला खेळाचा शेवट आधी कळू द्या, लांब मारायची हौस आपोआप येते.

हातांच्या पकडीचा बाऊ करू नका. क्रिकेट खेळलेलं मूल बॅट धरतं तशीच दहाही बोटांनी पकड घेतं, लहान हातांना तीच सोयीची. आम्ही एकच गोष्ट लावून धरली: मारून झाल्यावर चेंडू थांबेपर्यंत तोल सावरून उभं राहायचं.

सुरक्षेत मात्र सूट नाही. कोणी क्लब फिरवत असेल तर त्याच्या बाजूला वा मागे जवळ उभं राहायचं नाही. चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाजायचं नाही, इशारा म्हणून ‘फोर!’ असं जोरात ओरडायचं. गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच सोडून आसऱ्याला जायचं.

गुण मोजायला स्टेबलफोर्ड पद्धत वापरा. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीने १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर स्पर्धा झाली, तेव्हापासून ती रुळली. पार म्हणजे त्या होलला ठरवून दिलेले फटके; तेवढ्यात चेंडू आत गेला की दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य आणि चेंडू उचलून पुढच्या होलवर. एका होलवर बारा फटके गेले म्हणून अख्खा दिवस बिघडत नाही. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सूट, ५४ आहे, म्हणजे १८ होलना प्रत्येकी तीन जादा फटके. तोच हिशेब धरून आम्ही पार चारच्या होलला लेकीचा पार सात ठरवला.

हे फटके ती स्वतः मोजते. मारायला गेली आणि चेंडूला क्लब लागलाच नाही, तरी तो फटका धरायचा. पण टीवरचा, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरचा, चेंडू मारण्याआधी चुकून धक्क्याने खाली पडला, तर तो धरायचा नाही, पुन्हा ठेवायचा. हा फरक समजावून सांगा आणि पुढे तिच्या आकड्यावर विश्वास ठेवा. मागे उभं राहून आपण मोजत बसू नये.

भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिच्या बॅगेचं उदाहरण मी नेहमी देते. रिओच्या २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये तिची बॅग वडिलांनी उचलली होती. टोकियोत ती चौथी आली तेव्हा आई कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी मदतनीस, होती. मलाही आपल्यासाठी तेच काम योग्य वाटतं: बॅग ओढायची, पाणी द्यायचं, बंकरमधली वाळू दाताळ्याने सारखी करायला शिकवायचं. स्विंगमधल्या चुका प्रशिक्षक सांगतील.

आणि नवीन आलेल्यांसाठी खास एक गोष्ट. दोघंच खेळायला गेलात तर बऱ्याचदा तुम्हाला अनोळखी दोघांसोबत जोडून देतात. घाबरू नका, हो म्हणा. नऊ होलना दोनेक तास लागतात आणि चालता चालता बोलणं होतंच. आमच्या जोडीला एकदा एक आजोबा आले होते. ग्रीनवर चेंडू आपटून पडलेला खड्डा कडेकडेने आत ढकलून कसा बुजवायचा, ते त्यांनी गुडघ्यावर बसून लेकीला दाखवलं. शेवटच्या होलनंतर त्यांनी टोपी काढून तिच्याशी हात मिळवला. आता ती प्रत्येक ग्रीनवर आधी आपला खड्डा शोधते.